पोर्टलला शेवटी विचारा

प्रश्न : भाईंदर पूर्वेच्या स्टीलभांड्यांच्या कारखान्यांसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकलं तरी पाच-सहा चुका एकदम दिसतात, स्क्रीनही अडकते. काय करू?

उत्तर : सगळ्या तपासण्या एकदम धावतात, हेच दुखणं. स्वस्त तपासणी आधी, महाग शेवटी. मोकळ्या जागा काढा, अक्षरं कॅपिटल करा, मग लांबी 15 आहे का पाहा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढची दहा अक्षरं पॅनची. हा साचा जुळला तरच शेवटचं, पडताळणीचं अक्षर गणिताने तपासा. आकड्यांची अदलाबदल बहुधा इथेच पकडली जाते, तीही इंटरनेटशिवाय. एवढं पार पडल्यावरच नोंदणी चालू आहे का, हे जीएसटी पोर्टलला विचारा.

एखादा टप्पा नापास झाला की पुढे जाऊ नका. मात्र एकाच टप्प्यातल्या वेगवेगळ्या रकान्यांच्या चुका एकत्र दाखवा. एकेक चूक दाखवून कारकुनाला पिडणारी सॉफ्टवेअर्स पुष्कळ आहेत. पोर्टलने उत्तर दिलं नाही म्हणून क्रमांक खोटा ठरवू नका, ‘तपासणी बाकी’ अशी नोंद ठेवा. आणि ग्राहकाच्या 27 वरून सीजीएसटी-एसजीएसटी गृहीत धरू नका. पुरवठ्याचं ठिकाण वेगळं असू शकतं.