भिजकी वही : एक काव्यपरिचय

नवें काव्य शाळकरी वाचकांस दुर्बोध वाटतें, ही तक्रार आमच्या कानीं वारंवार येते, व ती अगदींच खोटी नाहीं. तथापि अरुण कोलटकर यांचा ‘भिजकी वही’ (प्रास प्रकाशन, २००३) हा संग्रह त्या भीतीनें दूर ठेवावा, असें आम्हांस वाटत नाहीं. त्याची भाषा बोलकी आहे; अपरिचित आहेत तीं त्यांतील माणसें.

प्रथम नांवाचा विचार करूं. देहू येथें तुकोबांच्या वंशजांनीं जतन केलेल्या एका जुन्या हस्तलिखितास ‘भिजकी वही’ म्हणतात. इंद्रायणींत बुडवूनही तरलेली ती हीच, अशी भाविकांची श्रद्धा. तुकोबांस कवित्वाची आज्ञा झाली तीही स्वप्नांत, नामदेवांकडून. म्हणजे इतिहास, धर्म आणि स्वप्न हीं तिन्हीं ग्रंथाच्या नांवांतच एकवटलीं आहेत. आषाढांत डोंगर उतरून शाळेंत येणाऱ्या सुरगाण्याच्या मुलांस भिजलेल्या वहीचें दुःख निराळें सांगावयास नको. पण ही वही आसवांनीं भिजली आहे.

तींत मिसरची देवी इसिस आहे, तमिळ देशाची कण्णगी आहे, बसऱ्याची संत राबिया आहे. कसांड्राचें भविष्य खरें, पण त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. शुभवर्तमानांतील पिलाताच्या पत्नीच्या स्वप्नाची गत याहून निराळी झाली काय? पतीच्या कविता कागदावर ठेवणें धोक्याचें, म्हणून मुखोद्गत करून जपणारी रशियांतील नादेझ्दा आहे. १९७२ सालीं व्हिएतनामांत होरपळलेली बालिका किम आहे. पुराणांतली कोण व इतिहासांतली कोण, हा भेद अश्रूंपुढें उरत नाहीं. कांहीं कविता लांबल्या आहेत खऱ्या.

आणि हायपेशिया आहे. इ. स. ४१५ मध्यें अलेक्झांड्रिया येथें या गणितज्ञ विदुषीस ठार मारणारा जमाव स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होता. मिशन शाळेंत ही कविता कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, तिचाच शिष्य सिनेसियस पुढें बिशप झाला. आणि त्या हत्येची हकीकत लिहून ठेवणारा सॉक्रेटिस स्कोलास्टिकस हा ख्रिस्तीच इतिहासकार होता. त्यानें हें कृत्य मंडळीस लांछन म्हणून नोंदविलें. पांचव्या शतकांतील माणसानें जें झांकलें नाहीं, तें आम्हीं कां झांकावें?

कवि २००४ सालीं निवर्तले. साहित्य अकादमीचा पुरस्कार या ग्रंथास पुढील वर्षीं मिळाला. विद्यार्थ्यांनीं आरंभ किमपासून करावा, मग कसांड्रा, मग हायपेशिया. जवळ विश्वकोश असूं द्यावा. हंगामांत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर मजुरीस जाणाऱ्या आमच्या तालुक्यांतील मातांची कथा मात्र या वहींत नाहीं. ती कोणी कोकणा बोलींत लिहून आणील, तर पुढील अंकांत तिला पहिलें पान देऊं.