फोनवरून डोळा पाहताना



२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. त्याच दिवशी फोनवरून रुग्ण तपासण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वेही आली. जव्हार-मोखाड्याकडची एसटी थांबली, तेव्हा पाड्यांवरचे डोळे मी आशाताईंच्या फोनवरून पाहू लागलो.

फोनवर डोळ्यातला दाब मोजता येत नाही, मागचा पडदा दिसत नाही. पण आजच कोणाला आणायचे, हे बरेचदा कळते. एक डोळा झाकून बोटे मोजायला सांगावीत. मग बाजूने बॅटरीचा उजेड धरून जवळून फोटो काढावा.

मोतीबिंदू बहुधा काही आठवडे थांबू शकतो. भातकापणीत पात किंवा कुसळ लागलेला डोळा थांबू शकत नाही. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर जखम चिघळली आहे असे समजावे. अशा जखमेत अनेकदा बुरशी असते. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घातले, तर लाली उतरते आणि आत बुरशी वाढते. नजर कायमची जाऊ शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात आणावे.

फोन धोका दाखवतो. उपचार दवाखान्यातच होतात. म्हणून देणगी देताना फोनइतकाच गाडीभाड्याचाही विचार करा.