चित्र कोणाचे? षष्ठी विभक्तीचा एक पाठ

अनगोळच्या वर्गात षष्ठी शिकवताना मी बरीच वर्षे एक चित्र दाखवीत असे : हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी तरुणी. फळ्यावर वाक्य लिही : ‘हे राजा रविवर्मा यांचे चित्र आहे.’ एकदा सहलीहून परतलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हे चित्र बघितलं. तिथं तर हळदणकर लिहिलंय की!”

मी पडताळा घेतला. चूक माझीच होती.

पहिला पुरावा काळाचा. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. दुसरा माध्यमाचा. रविवर्मा यांची ख्याती तैलरंगांची, हे चित्र जलरंगातले. केवळ माध्यमावरून चित्रकार ठरत नाही, पण शंका जागी होते. तिसरा साक्षीचा. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) मूळचे सावंतवाडीचे. चित्रातली तरुणी त्यांची मुलगी. ती शंभरी ओलांडेपर्यंत हयात होती आणि वडिलांसाठी आपण कशा उभ्या राहिलो, हे तिने स्वतः सांगितले आहे.

मग ही चूक रुजली कशी? रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि त्यांची चित्रे घरोघरी भिंतींवर लागली. पुढे साडीतली देखणी स्त्री दिसली की ‘रविवर्मा’ म्हणण्याची सवय जडली. विशेषनामाचे जणू सामान्यनाम झाले.

आता माझा पाठ बदलला आहे. फळ्यावर मी तीन वाक्ये लिहितो : ‘हे हळदणकरांचे चित्र आहे.’ ‘हे हळदणकरांच्या मुलीचे चित्र आहे.’ ‘हे म्हैसूरच्या राजवाड्यातले चित्र आहे.’ तिन्ही खरी. पहिल्या वाक्यातला ‘चे’ कर्ता सांगतो, दुसऱ्यातला चित्रविषय. तिसऱ्यात ‘च्या’ आणि ‘ले’ ठिकाण सांगतात. मग मुलांना विचारतो, पहिल्या दोन वाक्यांतल्या ‘चे’मधला फरक प्रत्यय न वापरता सांगा. मुले लिहितात, ‘हळदणकरांनी काढलेले’, ‘मुलीला समोर ठेवून काढलेले’. क्रियापद आले की कर्ता लपू शकत नाही.

शिक्षकांनी आपल्या पुस्तकातल्या चित्रांखालच्या ओळी एकदा अशा तपासून पाहाव्यात. ‘चे’ हा एवढासा प्रत्यय. पण त्याच्या आड एका चित्रकाराचे श्रेय माझ्या वर्गात कित्येक वर्षे दुसऱ्याच्या नावे जात होते.