ट्रॉलीच्या टेकूची पिन का वाकते?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आपले सारे लक्ष ट्रॅक्टरच्या इंजिनाकडे आणि टायरकडे असते. ट्रॉलीच्या दांडीखाली जो लोखंडी टेकू असतो, ज्याला कोणी स्टँड तर कोणी जॅक म्हणतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मात्र भरलेली ट्रॉली त्या टेकूवर उभी असते आणि टेकू एका वीतभर पिनेवर उभा असतो. ही पिन दगा देते तेव्हा दांडी क्षणात जमिनीवर येते. त्या वेळी खाली कोणाचा पाय असला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

गेवराई तालुक्यातील चकलांबा येथे ऊस लागवडीच्या निमित्ताने गेलो असता एका बागायतदाराने माझ्यापुढे तीन खराब पिना टाकल्या. एका हंगामात त्याच्या दोन ट्रॉल्यांनी त्या खाल्ल्या होत्या. "लोखंडच हलकं निघालं का हो साहेब?" असा त्याचा प्रश्न होता. मी कृषिविद्येचा माणूस, लोहारकामाचा नव्हे. परंतु तिन्ही पिना निरखून पाहिल्या तेव्हा प्रत्येकीचे दुखणे निराळे दिसले. लोखंडाचा दोष त्यात सर्वांत कमी होता.

पहिली पिन : धनुष्यासारखी वाकलेली

ही पिन १२ मि.मी. जाडीची होती. तिचा टेकू नळीत नळी सरकणारा होता. आतल्या नळीला भोके असतात, हवी ती उंची साधून आरपार पिन घालायची. अशी पिन मधोमध वाकली तर तिच्यावर वजन जास्त आले आणि दोन नळ्यांमध्ये मोकळी जागाही जास्त होती, असे समजावे.

वजन किती येते याचा हिशेब सोपा आहे. दोन चाकी ट्रॉलीचे भारासह एकूण वजन ४ टन धरू. आखापासून टेकू अडीच मीटर पुढे आहे. भाराचा मध्य आखाच्या ३० सें.मी. पुढे असेल तर टेकूवर ४८० किलो वजन पडते. तोच मध्य ६० सें.मी. पुढे सरकला तर ९६० किलो! ऊस तेवढाच, ट्रॉली तीच, फक्त मोळ्या पुढच्या बाजूला जास्त रचल्या गेल्या. आपल्या वडीलधाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. गाडी धुरजड झाली की बैलांच्या मानेवर ओझे येते आणि उलाळ झाली की जू वर उचलते. ट्रॉलीला मान नाही, म्हणून ओझे टेकूच्या पिनेला सोसावे लागते.

आता मोकळ्या जागेचे पाहू. दोन्ही नळ्या एकमेकींत घट्ट बसत असतील तर पिन फक्त कातरली जाऊ शकते, आणि साध्या लोखंडाची १२ मि.मी.ची पिन दोन्ही बाजूंनी मिळून तीन टनांच्या आसपास भार सोसते. परंतु दोन्ही भिंतींत सेंटिमीटरभर फट असली की पिन कातरण्याऐवजी वाकू लागते. मग ४८० किलोला टिकणारी तीच पिन ९६० किलोला वाकते. १६ मि.मी.ची पिन घातली तर कातरण्याविरुद्धचे बळ पावणेदोन पट होते, पण वाकण्याविरुद्धचे बळ जवळजवळ २.४ पट होते. मात्र त्यासाठी भोकेही तेवढी करून घ्यावी लागतात. भोकात सैल बसणारी पिन जाड असूनही लवकर खराब होते. पिन आणि भोक यांत अर्ध्या मि.मी.हून अधिक फट नसावी.

दुसरी पिन : तुटलेली

ही घडीच्या टेकूची होती. या प्रकारात टेकू वर एका खिळ्याभोवती फिरतो आणि उभा राहण्यासाठी शेजारी एक अडकणपिन घालतात. तुटलेल्या तोंडाकडे पाहा, असे मी त्या बागायतदाराला म्हटले. अर्धा भाग गंजून काळपट झालेला आणि उरलेला अर्धा ताजा, चकाकणारा होता. याचा अर्थ पिनेला तडा फार पूर्वी गेला होता. ती तुटली त्या दिवशी फक्त उरलेला अर्धा भाग तुटला.

तडा कशाने गेला? थोडे विचारल्यावर ड्रायव्हरने खाली मान घालून सांगितले की टेकू वर न उचलता ट्रॅक्टर एक-दोन वेळा पुढे निघाला होता. घडीचा टेकू ६० सें.मी. लांब आणि अडकणपिन खिळ्यापासून ८ सें.मी.वर असेल, तर टेकूच्या पायाला बसलेला १०० किलोचा हिसका पिनेवर ७५० किलोचा होतो. पहारीने धोंडा हलवताना जी युक्ती आपण वापरतो, तीच येथे आपल्याविरुद्ध काम करते. घडीच्या टेकूची अडकणपिन तुटली तर प्रथम हेच कारण तपासावे.

तिसरी पिन : एका अंगाने झिजलेली

या पिनेवर कोणतेही जादा वजन आले नव्हते. टेकू वर उचलून बांधल्यानंतर कच्च्या रस्त्यावर तो सारखा खडखडतो आणि पिन एकाच जागी घासली जाते. धुळीने कानशीचे काम केले. जाडीचा दहावा हिस्सा झिजला की पिन बदलावी. ग्रीसचे बोट फिरवणे आणि टेकू हलणार नाही असा बांधणे, एवढ्यावर हे भागते.

काळी जमीन आणि टेकू

येथे माझ्या विषयाचा थोडा संबंध येतो. टेकूचा पाय १५ सें.मी. लांब-रुंद असेल तर ६०० किलो वजनाला जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.७ किलो दाब येतो. वाळलेली काळी जमीन तो सोसेल. पाणी दिलेल्या फडाच्या कडेला तीच जमीन लोण्यासारखी असते. पाय एका बाजूने रुततो, टेकू तिरपा होतो आणि सरळ वजन पेलण्यासाठी केलेल्या पिनेला आडवा दाब बसतो. ३० सें.मी. लांब-रुंद जाड फळी पायाखाली ठेवली तर हा दाब पाऊण किलोच्याही खाली येतो. अशी फळी ट्रॉलीतच बांधून ठेवावी. उतारावर किंवा ओल्या रानात भरलेली ट्रॉली सोडूच नये. उतरवतानाही पुढचा ऊस आधी काढू नये. भार मागे राहिला की दांडी एकदम वर उसळते, आणि त्या वेळी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली नसेल तर धोका दुप्पट.

अडकलेली पिन काढताना

वाकलेली पिन भोकात अडकते आणि माणूस घण उचलतो. घाई करू नये. पिनेवर वजन असताना ती बाहेर उडाली तर टेकू आत सरकतो आणि दांडी खाली येते. प्रथम ट्रॉली रिकामी करावी, ट्रॅक्टरला जोडून हँडब्रेक लावावा, ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. दांडीखाली लाकडी ओंडके रचून बाटली जॅकने दांडी किंचित उचलावी, म्हणजे पिनेवरचे वजन निघते. जॅकवर विसंबून दांडीखाली शिरू नये. वजन ओंडक्यांवर असले पाहिजे. मग रॉकेल किंवा डिझेल सोडून तासभर थांबावे आणि ज्या टोकाला वाक कमी आहे त्या बाजूने पंच लावून ठोकावे. तरीही न निघाल्यास दोन नळ्यांमधल्या फटीत करवत घालून कापावी. गॅसने कापायचे असेल तर आधी पाचट दूर करावे आणि टायर झाकावेत.

वाकलेली पिन ऐरणीवर सरळ करून पुन्हा घालण्याची सवय सोडावी. सरळ करताना तिला बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या एक्सलच्या तुकड्याची कडक पिन करून घेणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मते हा उपाय दुखण्याहून महाग आहे. कडक पिन वाकत नाही, पण भोक खाते किंवा एक दिवस काचेसारखी तुटते. पिन स्वस्त आहे, टेकूची नळी महाग आहे. वाकायचे असेल तर पिनेनेच वाकावे.

भोक अंड्यासारखे लांबट झाले असेल तर नुसती नवी पिन टिकणार नाही. भोकावर जाड पट्टी किंवा बुश जोडून, आतली नळी जागेवर ठेवूनच दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत पाडून घ्यावीत. वेल्डिंगच्या वेळी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवावी आणि अर्थिंगचा चिमटा जोडकामाच्या अगदी जवळ लावावा. तो दूर लावल्यास प्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन बेअरिंग खराब होते.

महामार्गावर धावणाऱ्या मोठ्या ट्रेलरांना असेच दोन पाय असतात, फक्त ते हँडलने दात्यांवर खाली-वर होतात. त्यांचे चालकही निघण्यापूर्वी पाय पूर्ण वर आहेत का, हे खाली उतरून पाहतात.

त्या बागायतदाराने नंतर स्वतःच एक तोड काढली. टेकू खाली असेल तोवर ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला लाल फडके बांधलेले असते, आणि टेकू उचलून पिन व तिची क्लिप लावल्याशिवाय ते सोडायचे नाही. पिनेला साखळी जोडली आहे, त्यामुळे ती आता फडात हरवत नाही. खंडेनवमीला औजारे धुऊन पुजायला काढली की तो प्रत्येक पिन बाहेर काढून सपाट फरशीवर लोळवून पाहतो. सरळ पिन गडगडत जाते, वाकलेली अडखळते.