घटक ४ : 'ख्रिस्तपुराणा'मागील विचारविश्व – ईश्वर, प्रेम, सद्गुण आणि सत्य

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण संतांची ओवी आणि बारामतीच्या मोरोपंतांची आर्या अभ्यासली. या घटकात ओवीचेच, पण वेगळ्या धर्मपरंपरेतून आलेले रूप पाहावयाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी ऐकावयास दुसरे काही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी हा ग्रंथ रचला गेला. म्हणून त्यातील प्रत्येक शब्दाच्या निवडीस महत्त्व आहे.

स्टीफन्स मध्ययुगीन लेखक नव्हे. तथापि जेझुइटांच्या धर्मशिक्षणात तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास (मृत्यू १२७४) यास प्रमुख स्थान होते. त्यामुळे ग्रंथाची वैचारिक बैठक समजण्यासाठी अक्विनासचा विचार उपयोगी पडतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ईश्वर. अक्विनासच्या मते ईश्वर हा जगातील अनेक वस्तूंपैकी एक नव्हे. सर्व वस्तूंचे असणे ज्याच्यावर अवलंबून आहे, तो ईश्वर. मग माणसाचे शब्द त्यास कसे लागू पडावेत? आपण माणसास 'चांगला' म्हणतो आणि ईश्वरासही. हा शब्द दोन्हीकडे अगदी एकाच अर्थाने येत नाही, आणि पूर्णपणे भिन्न अर्थानेही येत नाही. दोन्ही अर्थांत साधर्म्याचे नाते असते. भाषेच्या अभ्यासकाने हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

४.२.२ सद्गुण. सद्गुण म्हणजे एखादे सत्कृत्य नव्हे, तर मनात मुरलेली स्थिर वृत्ती. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मूलभूत सद्गुण. श्रद्धा, आशा आणि प्रेम हे तीन ईश्वरदत्त सद्गुण. न्याय म्हणजे ज्याचे त्यास देण्याची दृढ इच्छा. आपल्या परिसरातील उदाहरण घ्या. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. रात्री कोणी पाहत नसतानाही जो आपली पाळी संपताच दार बंद करतो आणि वर्षानुवर्षे तसेच वागतो, त्याच्या ठायी न्याय हा सद्गुण आहे, असे म्हणता येईल. एखाद्या दिवशी भीतीपोटी दार बंद करणारा मात्र त्या अर्थाने न्यायी ठरत नाही.

४.२.३ प्रेम. न्याय हक्काचे देतो. प्रेम हक्काच्या पलीकडे जाते. शेजाऱ्याचे पीक वाळताना पाहून स्वतःच्या पाळीतील पाणी देणे, हे न्यायाने बंधनकारक नाही. अक्विनास प्रेमास ईश्वराशी असलेले मैत्र म्हणतो. त्या मैत्रीमुळेच ईश्वरास प्रिय असलेला शेजारीही आपलासा होतो. प्रेमावाचून इतर सद्गुणांना पूर्णत्व येत नाही, हे त्याचे प्रतिपादन आहे.

४.२.४ सत्य. बुद्धी आणि वस्तू यांचा मेळ म्हणजे सत्य. 'चारीला पाणी आले' हे विधान चारीत पाणी असेल तरच सत्य. सांगणाऱ्याच्या अधिकारावर त्याचे सत्यत्व अवलंबून नाही. म्हणूनच श्रद्धा आणि बुद्धी एकमेकींच्या वैरी नव्हेत, असे अक्विनास मानतो. दोहोंचा उगम एकाच ईश्वरात आहे.

४.३ शब्दांची कसोटी

आता स्टीफन्सची अडचण ध्यानात येईल. ख्रिस्ती स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' हा शब्द योजला. श्रोत्यास तो परिचित होता. पण त्या शब्दाबरोबर विष्णूचे स्थानही मनात येणारच. नवा परकी शब्द घ्यावा, तर अर्थ सुरक्षित राहतो, पण ऐकणाऱ्याच्या हृदयापर्यंत पोहोचत नाही. जुना शब्द घ्यावा, तर तो हृदयापर्यंत पोहोचतो, पण आपला पूर्वार्थ सोबत आणतो. 'भावार्थ' हा शब्द पाहा. एकनाथांच्या 'भावार्थ रामायणा'त तो एका अर्थाने येतो. गोव्यातील ख्रिस्ती परंपरेत तो 'श्रद्धा' या अर्थाने रूढ झाला. साधर्म्याचा विचार येथे आपणांस मार्ग दाखवतो: शब्द तोच, अर्थ पूर्णतः तोच नव्हे, पूर्णतः वेगळाही नव्हे.

तथापि एक प्रश्न उरतो. ज्यांची पुराणे बंद झाली, त्यांच्याच शब्दांत नवे पुराण सांगणे हा त्यांच्या भाषेचा सन्मान की तिचा वापर? दोन्ही बाजूंना आधार आहे. उत्तर लिहिताना एकच बाजू गृहीत धरू नका.

४.४ सारांश

ईश्वराविषयी बोलताना शब्द साधर्म्याने लागू पडतात. सद्गुण ही मुरलेली वृत्ती. प्रेम सद्गुणांस पूर्ण करते. सत्य म्हणजे बुद्धी व वस्तू यांचा मेळ. 'ख्रिस्तपुराणा'त या परंपरेतील विचार मराठी ओवीत उतरला.

४.५ स्वाध्याय

१. न्याय आणि प्रेम यांतील भेद आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. 'वैकुंठ' या शब्दाच्या योजनेतील लाभ व मर्यादा लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते. वारकऱ्यांशी बोलून 'वैकुंठ', 'भाव' आणि 'प्रेम' हे शब्द ते कोणत्या अर्थाने वापरतात, याची नोंद करा व वरील विवेचनाशी तुलना करा.