उशिरा वाढणारी मुले

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले, की प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या रांगा उंचीप्रमाणे लावून देण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. काम क्षुल्लक, परंतु ते करताना एखाद्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. नववीच्या रांगेत सर्वांत पुढे उभा असलेला मुलगा गेल्या वर्षीही तेथेच होता आणि त्याच्या आदल्या वर्षीही तेथेच होता. त्याच्या सोबत्यांना मिसरूड फुटलेले असते, कंठ फुटलेला असतो. हा मात्र अजून पाचवीतल्या मुलाच्या आवाजात प्रतिज्ञा म्हणत असतो.

आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे अशाच एका मुलाची आई एके दिवशी मधल्या सुटीत आमच्याकडे आली. (ही हकीकत व पुढे येणारी दुसरी, दोन्ही त्या घरांच्या संमतीने लिहीत आहोत.) तिने पिशवीतून एक डबा काढून मेजावर ठेवला. उंची वाढवणारी भुकटी. असे तीन डबे संपले होते. "सर, ह्याची बहीण ह्याच्यापेक्षा दीड वर्षाने धाकटी. ती ह्याच्याहून उंच झाली. पाहुणे विचारतात, दोघांत मोठे कोण? तेव्हापासून पाहुणे आले की हा माडीवर जाऊन बसतो." मुलाने सहलीला यायचे नाकारले होते, त्याचे कारणही आम्हांला तेव्हा कळले. सहलीत नदीवर आंघोळीचा कार्यक्रम होता, आणि चारचौघांत सदरा काढण्याची त्याला लाज वाटत होती.

आम्ही कलाशाखेचे, शरीरशास्त्र शिकवण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि ह्या विषयाशी आमचा जुना परिचय आहे, कारण त्या रांगेतली पहिली जागा एके काळी आमची होती. पंधराव्या वर्षी गावच्या जत्रेतील हरिश्चंद्राच्या नाटकात आम्हांला रोहिदासाची भूमिका देण्यात आली. लोकांनी कौतुक केले. पण वर्गमित्र प्रेक्षकांत बसलेले असताना तारामतीच्या कडेवर बसून रंगमंचावर येणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याला ठाऊक. घरी आमची आई शेजारणीला हळूच सांगत असे, "भुरगो वाडना." कोंकणीतले ते दोन शब्द आम्ही भिंतीआडून किती वेळा ऐकले असतील! वडील मात्र काही बोलत नसत. दर वाढदिवसाला ते आम्हांला दाराच्या चौकटीशी उभे करून डोक्यावर पुस्तक ठेवीत आणि पेन्सिलीने रेघ ओढीत. त्या रेघांचा अर्थ आम्हांला पुष्कळ उशिरा उमगला.

रेघा ओढण्याचा हा उद्योग फार जुना आहे. फ्रान्समध्ये गेनो द मोंबेयार नावाच्या सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची जवळजवळ दर सहा महिन्यांनी मोजली, ती थेट १७७७ पर्यंत. त्याचा मित्र व प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ ह्याने ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. एकाच मुलाच्या जन्मापासून तारुण्यापर्यंतच्या वाढीची ही पहिली सलग नोंद मानतात. ह्या नोंदीतून वाढीचा जो मार्ग दिसतो, तोच थोड्याफार फरकाने सर्व मुलांचा असतो. पहिल्या वर्षी मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढते. मग वेग उतरत जातो, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरसाल पाच-सहा सेंटिमीटरांवर स्थिरावतो. वयात येताना तो एकदम उसळी घेतो. त्या भरात मुली वर्षाला आठ, मुलगे नऊ-दहा सेंटिमीटरांपर्यंत वाढतात. आणि दोन-तीन वर्षांत ती ओढ संपून वाढ थांबते.

ही उसळी सर्वांना एकाच वयात येत नाही, आणि बहुतेक घरांतील चिंतेचे मूळ येथेच आहे. मुलींत यौवनारंभाचे पहिले चिन्ह, म्हणजे स्तनांची वाढ, ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान केव्हाही दिसू लागते, आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी ऋतुप्राप्ती होते. मुलग्यांत वृषणांची वाढ हे पहिले चिन्ह होय. ते ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान केव्हाही येते. मिसरूड आणि फुटलेला कंठ ही लोकांच्या डोळ्यांत व कानांत भरणारी चिन्हे त्यामानाने उशिराची. शिवाय मुलींच्या उंचीची उसळी यौवनारंभाबरोबरच येते, मुलग्यांची बरीच नंतर. म्हणून मुली दोन वर्षे पुढे असतात. साडेबारा वर्षांच्या बहिणीने चौदा वर्षांच्या भावाला गाठणे हा भावाचा दोष नव्हे आणि बहिणीचाही नव्हे. त्या घरात बहिणीलाही बोलणी खावी लागत होती, हे येथे नमूद करून ठेवतो.

हे सारे घडवणारे घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. तेथील अधोथॅलॅमस नावाचा भाग ठरावीक अंतराने संदेश पाठवू लागतो. आरंभी हे संदेश प्रामुख्याने रात्रीच्या झोपेत जातात. ते पोष ग्रंथीला मिळाले, की ती वृषणांना किंवा बीजकोशांना जागे करते. त्यांतून स्रवणारी हॉर्मोने उंचीला वेग देतात, आणि गंमत अशी, की शेवटी वाढीचे दारही तीच लावून घेतात. हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते. हाड लांबते ते तेथे. ही पट्टी मिटण्यास मुलग्यांतही ईस्ट्रोजेन हेच हॉर्मोन लागते. ज्याच्या शरीरावर ईस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता अशा एका अमेरिकन पुरुषाचे वृत्त १९९४ साली प्रसिद्ध झाले. २८ व्या वर्षी तो २०४ सेंटिमीटर उंच होता आणि तरीही वाढतच होता! तात्पर्य, ज्याचे घड्याळ उशिरा वाजते, त्याचे दारही उशिराच लागते. वाढायला त्याला जास्त वर्षे मिळतात. अशी बहुतेक मुले अखेरीस आपल्या घराण्याच्या उंचीला किंवा तिच्या जवळपास पोहोचतात.

मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस ह्यांनी प्रत्येक मुलाच्या वाढीची लय वेगळी असते हा विचार मांडला, आणि इंग्लंडमधील जेम्स टॅनर ह्यांनी १९४८ च्या सुमारास सुरू झालेल्या हार्पेंडन येथील पाहणीत शेकडो मुलांना वर्षानुवर्षे मोजून तो पक्का केला. गाण्याची आवड असलेल्या आमच्या घरांना हे निराळे समजावून सांगायला नको. एकाचा ख्याल विलंबित चालतो, दुसऱ्याचा द्रुत.

ही लय बहुधा घरातूनच येते. अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या आईवडिलांत कोणीतरी स्वतःही उशिरा वयात आलेले असते. आम्ही अकरावीत गेल्यावर एका वर्षात आमच्या विजारी दोनदा उसवून लांब कराव्या लागल्या, तेव्हा कोठे वडील म्हणाले, की त्यांनाही मिसरूड महाविद्यालयात गेल्यावरच आले होते. ही गोष्ट त्यांनी दोन वर्षे आधी सांगितली असती, तर आमच्या कित्येक रात्री सुखात गेल्या असत्या. पण त्या पिढीचे वडील असल्या गोष्टी बोलत नसत.

समाजाची सरासरीही स्थिर नसते. योहान सेबास्टियन बाख हा लाइपझिगच्या गायनशाळेत मुलांना शिकवीत असे. त्याच्या गायकवृंदाच्या नोंदींवरून असे दिसते, की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मुलांचा कंठ सुमारे सतराव्या वर्षी फुटत असे, आणि युद्धाच्या वर्षांत आणखी उशिरा. अन्न सुधारले, रोगराई कमी झाली, तसे हे वय खाली आले.

आता आमच्या चुकीची गोष्ट. त्याच जुन्या शाळेत आठवीत एक मुलगी होती. वय तेरा पूर्ण, उंची चौथीतल्या मुलीएवढी, वयात येण्याची काहीच लक्षणे नव्हती. आईवडील काळजीत होते. आम्ही स्वानुभवाच्या ऐटीत त्यांना धीर दिला. "आमचेही असेच झाले होते. वाट पाहा, सर्व काही होईल." त्यांनी शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवून वर्षभर वाट पाहिली. मुलगी वर्गात पेंगत असे, उन्हातही तिला थंडी वाजे, चेहरा जरा सुजल्यासारखा दिसे; आम्ही ते आळसाच्या खाती मांडले. पुढे दुसऱ्याच कारणासाठी तिला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा रक्ततपासणीत थायरॉईड ग्रंथी जवळजवळ काम करीत नसल्याचे निघाले. रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी, एवढाच त्यावर उपाय होता. ती सुरू झाल्यावर मुलगी झपाट्याने वाढली हे खरे. परंतु अशा विकारात जेवढा उशीर, तेवढी काही उंची कायमची हातची जाण्याचा संभव असतो. ते एक वर्ष आमच्या बोलण्याने गेले.

त्या मुलीच्या घरी चौकटीवर रेघा नव्हत्या. असत्या, तर दोन वर्षांच्या रेघा जवळजवळ एकमेकींवर आलेल्या दिसल्या असत्या. आमच्या रेघा खाली होत्या, पण त्यांच्यातील अंतर दरसाल पाच सेंटिमीटरांचे होते. फरक येथे आहे. उशिरा वाढणारे मूल बुटके असते, पण वाढत असते. जे वाढायचे थांबले, त्याची वाट पाहावयाची नसते. वयात येण्यापूर्वीच्या शाळकरी मुलाची उंची वर्षात चार सेंटिमीटरही वाढली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. मुलीला तेरा व मुलग्याला चौदा पूर्ण होऊनही पहिले चिन्ह नसेल, किंवा मुलीला पंधरा पूर्ण होऊनही ऋतू आला नसेल, तरी जावे. वारंवार डोके दुखणे, नजर अधू होणे, वास न येणे, सतत पोट बिघडणे, वजन घटणे ह्यांपैकी काही असेल, तर वय न पाहता जावे. थायरॉईडखेरीज पंडुरोग, आतड्यांचे व मूत्रपिंडाचे विकार, आणि दोन-अडीच हजार मुलींत एकीला असणारी गुणसूत्राची उणीव, अशी कारणे त्यामागे असू शकतात.

डॉक्टर पुष्कळदा डाव्या हाताच्या पंजाचे क्ष-किरण चित्र काढतात आणि त्यावरून हाडांचे वय सांगतात. डबा घेऊन आलेल्या आईच्या मुलाचे वय चौदा वर्षे तीन महिने होते. हाडांचे वय साडेअकरा निघाले. आई घाबरली. डॉक्टर म्हणाले, "बाई, ही चांगली बातमी आहे. त्याच्यापुढे अजून पुष्कळ वाढ शिल्लक आहे." मग त्यांनी आईवडिलांची उंची विचारली. वडील १६६, आई १५२. बेरजेचे निम्मे १५९. मुलग्यासाठी त्यात साडेसहा मिळवायचे, मुलीसाठी साडेसहा वजा करायचे. म्हणजे मुलाचा अंदाज १६५.५ सेंटिमीटर, आठ-नऊ इकडेतिकडे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली भारतीय मुलांसाठी उंची-वजनाचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यावर दर सहा महिन्यांनी ठिपका द्यायचा, एवढेच काम त्यांनी सांगितले. क्वचित एखाद्या मुलाच्या मनाला फारच लागले असेल, तर तज्ज्ञ काही महिने अल्प मात्रेत हॉर्मोन देतात. पण तो निर्णय त्यांचा, औषधांच्या दुकानदाराचा नव्हे. व्यायामशाळांत लपूनछपून मिळणारी स्टेरॉइडे तर कूर्चेच्या पट्ट्या वेळेआधीच मिटवून टाकतात. उंचीच्या आशेने ती घेणारा असलेली उंचीही गमावतो.

डब्यातल्या भुकटीविषयी डॉक्टर एवढेच म्हणाले, की ह्या पैशांची अंडी आणि मासळी आणा. अन्नाचे महत्त्व खोटे नाही. मूळचे बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणातील शिराझ येथे गेले असता त्यांना एकवीस वर्षांचा एक तरुण दहा वर्षांच्या मुलासारखा दिसणारा आढळला. त्याचे जेवण म्हणजे मुख्यत्वे गव्हाची रोटी. शिवाय माती खाण्याची सवय. असे आणखी रोगी पाहून त्यांनी १९६१ साली जस्ताच्या उणिवेकडे बोट दाखवले, आणि इजिप्तमधील पुढच्या पाहणीत जस्त दिल्यावर असे तरुण वाढले व वयातही आले. म्हणून जस्ताच्या गोळ्या आणायला धावू नये. आपल्या घरचे नुस्ते, उसळ, दूध, शेंगदाणे हे पोटभर आणि रोज मिळाले की बहुतेक मुलांचे भागते.

तो मुलगा पुढच्या वर्षी दहावीत होता. स्नेहसंमेलनात त्याने ईशस्तवन म्हणायचे ठरले होते. तालमीच्या तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज मध्येच चिरकला, आणि सगळी मुले हसली. तोही हसला. ईशस्तवन शेवटी दुसऱ्याने म्हटले.

ह्या शाळेत आल्यावर आम्ही क्रीडाशिक्षकांना विनंती करून त्यांच्या खोलीतील भिंतीवर मोजपट्टी लावून घेतली आहे. पायांत काही नको, टाचा व पाठ भिंतीला टेकलेली, दृष्टी समोर, डोक्यावर पुस्तक आडवे. आणि मोजायचे ते नेहमी सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर खचतो. दर सहामाहीला प्रत्येक मुलाला एकेकटे आत बोलावतात. आकडा मोठ्याने वाचत नाहीत. तो चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, घरी पाठवतात.