निसर्ग सर्वांसाठी, पण तेथवर पोहोचणार कोण?

(अभ्यासपाठ. वाचावयाचा उतारा: योहान ५:१-९)



सुट्ट्या लागल्या की आपल्या आळीआळीतून सहलीचे बेत सुरू होतात. कोणी समुद्रकिनारा सुचवतो, कोणी तुंगारेश्वर, कोणी वसईचा किल्ला. बस ठरते, वर्गणी गोळा होते, जेवणाचे ठरते. आणि मग बऱ्याच घरांतून एक वाक्य ऐकू येते, "आजी घरीच थांबेल, तिला नाही जमायचे." व्हीलचेअरवरचा मुलगा, दृष्टी गेलेले काका, गुडघे दुखणारी आई, हे सारे 'घर राखायला' मागे राहतात. त्यांना "येऊ नका" असे कोणी म्हणत नाही. पण "तुम्ही याल का? येण्यासाठी काय करावे लागेल?" असेही कोणी विचारत नाही.

झाडे, समुद्र, वारा, पक्ष्यांचा आवाज ही देवाने सर्वांना दिलेली देणगी आहे, असे आपण नेहमी म्हणतो. ती देणगी काहींच्या हाती पोहोचतच नसेल, तर त्याला जबाबदार कोण? त्यांचे शरीर, की आपण केलेली वाट? आजच्या पाठात याचा विचार करू या.

१. पाणी होते, पण पोहोचता येत नव्हते

यरुशलेमेत मेंढरे दरवाजाजवळ बेथेस्दा नावाचे तळे होते आणि त्याला पाच ओवऱ्या होत्या, असे संत योहान सांगतो. त्या शहरात संत ॲनच्या चर्चजवळ झालेल्या उत्खननात या तळ्याचे अवशेष सापडले आहेत. शेजारी शेजारी दोन हौद आणि त्यांच्यामध्ये एक भिंत, अशी त्याची रचना होती. चार बाजूंना चार ओवऱ्या आणि मधल्या भिंतीवर पाचवी, असा त्या पाच ओवऱ्यांचा उलगडा अभ्यासक करतात. पाण्यात उतरण्यासाठी पायऱ्या होत्या.

त्या ओवऱ्यांत ३८ वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. पाणी हलले की जो आधी उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची समजूत होती. तुला बरे व्हायचे आहे का, असे प्रभू येशूने त्याला विचारले. त्याचे उत्तर लक्षपूर्वक वाचा. तो आपल्या आजाराची लक्षणे सांगत बसत नाही. तो सांगतो की, त्याला पाण्यात सोडायला कोणी माणूस नाही. तो जाईपर्यंत दुसराच कोणीतरी पुढे उतरतो.

तळे सर्वांचे होते. तेथे बंदी नव्हती, तिकीट नव्हते. पाणी काही पावलांवर होते. तरीही पाणी आणि तो मनुष्य यांच्यामध्ये तीन अडथळे होते: पायऱ्यांची वाट, इतरांची घाई आणि सोबतीचा अभाव. आज आपल्या बागा, किनारे आणि सहलीची ठिकाणे पाहिली तर हेच तीन अडथळे दिसतात. ते एकेक करून पाहू.

२. पहिला अडथळा: वाट

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत चालण्याफिरण्यात अडचण असलेले सुमारे ५४ लाख, दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख आणि श्रवणाचे अपंगत्व असलेलेही सुमारे ५० लाख होते. यात वयामुळे थकलेले आजीआजोबा, गरोदर स्त्रिया, पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेले तरुण मिळवले तर असे घर शोधूनही सापडणार नाही, जिथे या प्रश्नाचा संबंध येत नाही.

वाट अडते ती पुष्कळदा अगदी थोड्यासाठी. बागेच्या दारातल्या तीन पायऱ्या घ्या. प्रत्येकी सहा इंच धरल्या तर एकूण उंची दीड फूट. व्हीलचेअरसाठीच्या रॅम्पचा सर्वमान्य नियम १ला १२ असा आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार. दीड फुटाला अठरा फूट लागतात. आपल्याकडे पुष्कळदा जागा वाचवण्यासाठी चारपाच फुटांतच उतार उरकतात आणि 'रॅम्प केला' म्हणून समाधान मानतात. असा रॅम्प घसरगुंडीसारखा होतो. त्यावरून खुर्ची वर ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि खाली उतरताना बसलेल्याचा जीव घाबरतो. खर्च झाला, पण वाट झालीच नाही.

किनाऱ्यावर अडचण वेगळी असते. रस्ता संपतो तेथून पाण्यापर्यंत सैल वाळू असते. व्हीलचेअरची पुढची चाके लहान आणि अरुंद. त्यांच्यावर वजन आले की ती रुततात. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर यावर उपाय करण्यात आला. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे दिव्यांगांसाठी लाकडी वाट खुली झाली. ती २६३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद होती. त्याआधी तेथे वर्षातून काही दिवसांपुरती तात्पुरती वाट घातली जात असे. शहरात राहूनही ज्यांनी समुद्राच्या लाटा जवळून पाहिल्या नव्हत्या, असे लोक या वाटेने पाण्याजवळ गेले.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. दोनच आठवड्यांत, डिसेंबर २०२२ मध्ये, मँडूस चक्रीवादळ आले आणि त्या वाटेचा समुद्राकडचा भाग मोडला. तो नंतर दुरुस्त करण्यात आला. यातून धडा असा की, वाट एकदा बांधून भागत नाही. ती राखावी लागते. वादळात किनाऱ्यावरचा रस्ता वाहून गेला तर "रस्ताच नको" असे आपण म्हणत नाही. मग दिव्यांगांच्या वाटेबाबत तसे का म्हणावे?

३. दुसरा अडथळा: घाई

बेथेस्दाच्या तळ्यात जो चपळ त्यालाच पाणी मिळे. आपल्या सहलीही अशाच असतात. पुढचे भराभर चालतात, मागचा धापा टाकतो, आणि पुढच्या वर्षी तो येतच नाही.

घाईचा अर्थ केवळ वेगात चालणे असा नाही. सर्वजण आपल्यासारखेच आहेत असे धरून जागा बनवणे हीसुद्धा घाईच. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बागेला नागमोडी लोखंडी फाटक बसवतात. त्यातून व्हीलचेअरही जात नाही आणि बाळाची गाडीही जात नाही. बसायला बाक असतो, पण त्याला पाठ नसते आणि हात टेकून उठायला कडेला दांडे नसतात. स्वच्छतागृह असते, पण त्याचे दार अरुंद. ज्याला स्वच्छतागृहाची खात्री नाही, तो घरून निघतच नाही. सकाळपासून पाणी न पिता सहलीला येणारी वयस्कर माणसे आपल्यात आहेत.

निसर्ग केवळ पाहण्यासाठी असतो असे समजणे हीही एक घाई. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ साली एक सुगंधी बाग खुली झाली. ती अंध व्यक्तींना डोळ्यांपुढे ठेवून आखली होती. वाफे कमरेएवढे उंच आहेत, म्हणजे वाकावे लागत नाही आणि खुर्चीत बसूनही हात पोहोचतो. पाने चोळून वास घ्यायचा, पोत चाचपायचा, पाटीवरची ब्रेल अक्षरे वाचायची. आपल्या वाड्यांतून तुळस, सोनचाफा, मोगरा, गवती चहा असतोच. तशा बागेसाठी लागणारा माल आपल्या दारातच आहे.

मुलांचे तर विशेष. बेंगळुरूमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांनी 'किलीकिली' नावाची संस्था काढली आणि सर्व मुलांना एकत्र खेळता येईल अशी मैदाने बागांतून उभी केली. त्यांचा आग्रह वेगळ्या बागेचा नव्हता. त्याच बागेत, इतर मुलांबरोबर, हा त्यांचा आग्रह होता. हे महत्त्वाचे आहे. वेगळा कोपरा काढून दिला तर जागा मिळते, सवंगडी मिळत नाहीत.

४. तिसरा अडथळा: सोबत नसणे

त्या मनुष्याचे खरे दुःख हे होते की त्याला माणूस नव्हता. ३८ वर्षांत त्याच्या शेजारून कितीतरी लोक गेले असतील. रॅम्प झाला, बाक झाले, तरी "चल, मी येतो तुझ्याबरोबर" असे म्हणणारा नसेल तर खुर्ची दारातच राहते.

सोबतीचेही काही नियम आहेत. मदत करण्याआधी विचारावे. न विचारता कोणाची व्हीलचेअर ढकलू नये. ती खुर्ची त्याच्या शरीरासारखीच आहे. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, ती धरील आणि अर्धे पाऊल मागे चालेल. ऐकू न येणाऱ्याशी समोर तोंड करून बोलावे. आणि दया दाखवू नये. सहलीला आलेला माणूस आपल्या उपकारासाठी आलेला नसतो, तो समुद्र पाहायला आलेला असतो.

५. "मग काय सगळीकडे सिमेंट ओतायचे?"

हा प्रश्न आपल्या भागात विचारला जाणारच, आणि तो विचारला गेलाच पाहिजे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याची आठवण ठेवणारे आपण, हिरवाईवर घाला येताना गप्प बसणार नाही. परंतु दिव्यांगांची वाट आणि निसर्गाचे रक्षण यांत वैर नाही. मरीनाची वाट लाकडाची होती. वाळूवर अंथरून पुन्हा गुंडाळता येणाऱ्या चटया मिळतात. रुंद, फुगीर चाकांच्या खास खुर्च्या वाळूवर चालतात आणि त्यांना बांधकामच लागत नाही. घट्ट दाबलेल्या मातीची सपाट पाऊलवाटही पुष्कळदा पुरते. प्रत्येक डोंगरमाथ्यावर रस्ता न्यावा असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक ठिकाणी सर्वांना पोहोचता येईल असा काही भाग असावा, एवढेच मागणे आहे. शिवाय जो माणूस झाडाखाली कधी बसलाच नाही, तो झाड तोडले जाताना कशाला उभा राहील? निसर्गापर्यंत जितके जास्त लोक पोहोचतील, तितके त्याचे राखणदार वाढतील.

६. कायदा आणि ख्रिस्तसभा काय सांगते?

दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. त्यानुसार आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. करमणूक, निसर्ग शिबिरे आणि साहसी उपक्रम यांत दिव्यांगांना भाग घेता यावा, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक ठिकाणे सुगम करण्याचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय दिला. म्हणजे ही मागणी भीक नाही, हक्क आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात (क्र. ४५) निसर्गरम्य जागा मूठभरांच्या होत चालल्याबद्दल आणि सुबक हिरवे कोपरे गरिबांच्या वस्तीपासून दूर असल्याबद्दल खंत व्यक्त केली. २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती'मध्ये (क्र. ९८) दिव्यांग व्यक्ती समाजात असूनही परक्यासारख्या राहतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. २०२२ पासून ते स्वतः व्हीलचेअर वापरू लागले आणि जगाने त्यांना त्या खुर्चीतून सेवा करताना पाहिले.

७. आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

आरंभ लहान असू द्या. पुढील गोष्टींना फार पैसा लागत नाही.

• सहलीची जागा ठरवण्याआधी दोघांनी तेथे जाऊन पाहावे: पायऱ्या किती, स्वच्छतागृहाचे दार किती रुंद (तीन फूट हवे), गाडी कोठपर्यंत जाते, सावलीत बसायला जागा आहे का.

• वर्गणी मागायला जाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला विचारा. "त्यांना जमणार नाही" हे घरच्यांनी ठरवू नये. ज्याचे त्याने सांगावे.

• चर्चचे आवार, ग्रोटो, दफनभूमी आणि आळीतला क्रूस येथपर्यंतची वाट व्हीलचेअर घेऊन एकदा चालून पाहावी. जेथे अडेल तेथे खूण करावी. ती यादी पॅरिश कौन्सिलपुढे ठेवावी.

• युवकांनी महिन्यातून एका संध्याकाळी, घरात अडकलेल्या एखाद्या व्यक्तीला तिला हवे तेथे न्यावे. किनारा, बावखल, तिची स्वतःची जुनी वाडी, कोठेही.

• महापालिकेची नवी बाग होत असेल तर आराखडा असतानाच निवेदन द्यावे. बांधून झाल्यावर फोडण्यापेक्षा आधीच उतार ठेवणे कितीतरी स्वस्त पडते.

प्रभू येशूने त्या मनुष्याला बरे केले. तसा चमत्कार आपल्या हाती नाही. पण तळ्याकाठी थांबणे, त्याच्याकडे पाहणे आणि त्याला प्रश्न विचारणे, हे तीनही प्रभूने चमत्काराच्या आधी केले. तेवढे आपल्या हाती निश्चित आहे.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आळीत गेल्या वर्षभरात घराबाहेर मोकळ्या हवेत न गेलेली व्यक्ती कोण? त्यांच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?

२. वाट, घाई आणि सोबत या तीनपैकी आपल्याकडे सर्वांत मोठा अडथळा कोणता?

३. पुढची सहल अशी ठरवता येईल का, की घर राखायला फक्त कुलूप मागे राहील?